पुसलेल्या फाइलींची भुतं

चष्म्याच्या दुकानात त्या मंगळवारी पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि सगळ्यांनी डोळे मिटले होते. भिंतीवरच्या तक्त्यातली लहानमोठी अक्षरं, कपाटातल्या फ्रेमा, काउंटरवरचे आरसे, सगळं कुणीतरी बघेल म्हणून ताटकळलेलं. आणि बघणारं कुणीच नाही.

ज्या खुर्चीत एरवी चष्मेवाले काका बसतात, तिच्यात मोकळेबाबा बसले होते. अंगात पांढरा झगा, गळ्यात पेन ड्राइव्हची माळ, डाव्या हातात पितळी घंटा आणि उजवा हात दुकानाच्या कॉम्प्युटरच्या माउसवर. तुंबलेल्या कॉम्प्युटरमध्ये ते जागा मोकळी करून देतात, म्हणून मोकळेबाबा. काकांच्या कॉम्प्युटरमध्ये साऱ्या गिऱ्हाइकांचे नंबर होते आणि आठवडाभर तो ‘डिस्क भरली’ म्हणून अडून बसला होता. डिस्क किती भरली हे दाखवणारी एक पट्टी स्क्रीनवर असते. जागा असली की निळी, संपत आली की लाल. काकांची पट्टी लालभडक झाली होती, आणि काका पांढरे.

“तुम्हाला वाटतं, पुसली म्हणजे फाइल गेली,” बाबा म्हणाले. “अरे भोळ्यांनो, फाइल मरते, पण जात नाही! तिचं भूत डिस्कवरच भटकतं. जागा अडवतं. सी ड्राइव्ह म्हणजे चित्त, डी ड्राइव्ह म्हणजे देह. चित्त तुंबलं की देह बसतो! अकरा श्वास डोळे मिटा. जो मध्येच उघडेल, त्याच्या मशीनमध्ये हीच भुतं शिरतील. मग माझ्या दारात यायचं नाही!”

मीही डोळे मिटले होते. खोटं कशाला सांगू? अडीच वर्षांच्या मुलीची आई सदोदित झोपेला इतकी आसुसलेली असते, की कुणी डोळे मिट म्हटलं की ती आधी मिटते आणि मग कारण विचारते.

टण टण टण टण! घंटा कानठळ्या बसतील अशी वाजली.

“उघडा!”

पट्टी निळी झाली होती. दुकानातून एक ‘आऽऽ’ उठला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पट्टी पुन्हा पाहिली.

“बाबा, माझ्या मोबाइलचं होईल का हो?” मागून कुणीतरी विचारलं.

“आधी पेट्या. मग हातातले,” बाबा म्हणाले, आणि घंटा झग्याच्या खिशात गेली.

मी आले होते सासूबाईंचा चष्मा न्यायला. तो घेतला, गुंडीला कडेवर घेतलं आणि निघाले. गुंडी म्हणजे माझी मुलगी. सासूबाई शिवणकाम करतात, जन्मली तेव्हा ही शर्टाच्या गुंडीएवढी दिसली म्हणे, म्हणून गुंडी. तिला डोळे मिट म्हटलं की ती दोन्ही हात डोळ्यांवर ठेवते आणि बोटं फाकवून त्यांतून निवांत बघते.

घरी येऊन ही गंमत सांगितली, आणि तिथेच चुकलं. मी हसायला सांगत होते. सासूबाई शिवणयंत्र थांबवून ऐकायला लागल्या.

“निळी झाली? तुझ्या डोळ्यांदेखत?”

“डोळ्यांदेखत नाही, आई. तेच तर. डोळे मिटायला का लावतो तो माणूस?”

“डॉक्टर नाही का सुई टोचताना म्हणत, तिकडे बघ म्हणून?”

“डॉक्टर सुई तरी दाखवतात आधी.”

“आणि तू गं? दोन वर्षं साफ करतेयस. बसतेस, शोधतेस, पुसतेस. लाल ती लालच. त्यानं अकरा श्वासांत केलं.” सासूबाईंनी दात लावून दोरा तोडला. “गुरुवारी बोलवून घे त्याला.”

हे मला झोंबलं, कारण ते खरं होतं. रोज दुपारी गुंडी झोपली की मी कॉम्प्युटरसमोर बसून नको त्या फाइली काढायचे. शेकड्यांनी काढल्या. पट्टीला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

आणि सासूबाईंची घाई उगाच नव्हती. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत काम करतो. दहा महिन्यांपूर्वी तो गेला तेव्हा गुंडी नुसतं ‘अं’ म्हणायची. पाणी हवं, अं. उचलून घे, अं. पोरगी बोलणार कधी, या काळजीत तो जहाजावर चढला, आणि पंधराव्या दिवशी ही म्हणाली, “पडलं.” मग धरणच फुटलं. जहाजावर फोन लागतो तो तुटक तुटक, आणि व्हिडिओ तर पोचतच नाहीत. तेव्हा सासूबाईंनी ठरवलं, पोरीचा प्रत्येक नवा शब्द टिपायचा. पडलं. नको. माझं. पाणी. कावळा. ‘आजी’ हा शब्द बावन्नावा आला, कावळ्याच्याही नंतर, आणि ते त्यांनी अजून मनातून काढलेलं नाही. फोन छोटा, म्हणून क्लिप कॉम्प्युटरवर घ्यायची आणि फोनमधून काढून टाकायची. अशा एकशे त्रेचाळीस क्लिपा झाल्या. जगात दुसरीकडे कुठेही त्यांची प्रत नव्हती. आता कॉम्प्युटर नवं काही घेत नव्हता, त्यापुढचे अकरा शब्द फोनमध्येच अडकले होते, आणि मुलगा शनिवारी घरी येणार होता.

“त्या क्लिपा नीट आहेत ना, आई? ठेवल्यात कुठे?”

“आहेत. तुझ्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी आहेत.”

यात टोमणा होता. मागे एकदा साफसफाईच्या भरात मी त्यांच्या गिऱ्हाइकांच्या मापांची फाइल उडवली होती. एका मिनिटात परत आणूनही दिली, त्यांच्या समोरच. पण उडवली होती ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली.

बुधवारी दुपारी गुंडीचा नवा खेळ सुरू झाला. बिस्किटांचा रिकामा डबा उपडा घातला, तो कॉम्प्युटर. चमचा आणि वाटी, ती घंटा. समोर आजी, कापडी ससा आणि मी.

“डोळे मिट,” गुंडीनं आजीला फर्मावलं. “सशा, तू पन.”

आजीनं मिटले. सशाचे शिवूनच मिटलेले होते. गुंडीनं डब्यावर बोट टेकवलं, टिक. थोडं खाली, टिक. मग तोंडानं “खुर्रर्र” केलं आणि त्याच वेळी वाटी बडवली. टण टण टण! “झालं. कागद गेले.”

“कसले कागद गं?” मी विचारलं.

“बादलीतले.”

“कुठली बादली?”

एवढंही कळत नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं, माझं बोट धरलं आणि मला कॉम्प्युटरपाशी नेऊन उभं केलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात केराच्या टोपलीचं चित्र असतं ना, त्यावर तिनं बिस्किटाचं चिकट बोट ठेवलं. टोपलीत चुरगळलेले कागद वरपर्यंत भरलेले दिसत होते.

“बाबाची बादली भललेली. मग खुर्र. मग कागद गेले.”

ती झोपल्यावर मी त्या चित्रासमोर बसले. दोन वर्षं ते माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं. त्यावर माउसचं उजवं बटण दाबलं. यादी उघडली. तीत एक ओळ होती: टोपली रिकामी करा.

घरभर झाडू मारायचा, केर कोपऱ्यातल्या बादलीत भरायचा, बादली तिथेच ठेवायची, आणि मग घरात एवढा केर कसा म्हणून कपाळाला हात लावायचा! मी दोन वर्षं हेच करत होते. पुसलेली फाइल नुसती टोपलीत जाते, आणि टोपली असते त्याच डिस्कवर. जागा तेवढीच अडलेली. मोकळेबाबा म्हणाले होते, फाइल मरते पण जात नाही. त्यांच्या सगळ्या बडबडीत तेवढं एक वाक्य खरं होतं. बाकी टोपली रिकामी करताना कॉम्प्युटर कागद चुरगळल्यासारखा आवाज करतो, तो कुणाच्या कानावर पडू नये म्हणून घंटा. आणि दोन टिचक्या कुणाला दिसू नयेत म्हणून अकरा श्वास.

मला इतका आनंद झाला, की बोट त्या ओळीवर टेकलंच होतं. आत्ता रिकामी करते आणि आईंना उठवून दाखवते! तेवढ्यात आतून गुंडी रडत उठली. तिला घेऊन, थोपटून, दूध देऊन परत आले तोवर विचार बदलला होता. आपण आपल्या घरात करून काय उपयोग? उद्या बाबा येतोयच. सगळ्यांच्या समोर, रंगेहाथ. मला चोर पकडायचा मोह झाला होता.

गुरुवारी चार वाजता बाबा आले. मागून चष्मेवाले काका आले, आता ते बाबांच्या प्रचारालाच लागले होते. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईही आल्या, “माझ्याकडे पण लाल आहे, आधी तुमच्याकडे बघते” असं म्हणत. शिवणयंत्र भिंतीला सरकवून सासूबाईंनी बाबांना खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरवरचं धुळीचं कापड स्वतः काढलं.

बाबांनी पट्टी उघडून पाहिली आणि मोठ्यानं श्वास आत ओढला.

“माई, फार आहेत हो. फारच. या घरात कुणीतरी सतत पुसत असतं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मला दिसतायत ती,” बाबांनी स्क्रीनपुढे हात फिरवला. “एकेक आत्मा दिसतोय. तळमळतोय. आज सगळ्यांना सोडवून टाकतो. मिटा डोळे!”

सासूबाईंनी हात जोडून डोळे मिटले. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मग मिटले, दुहेरी बंदोबस्त. शिकवणीवाल्या बाईंनी ओठ हलवत श्वास मोजायला घेतले. मी गुंडीला मांडीवर घेऊन बाबांच्या खुर्चीच्या थेट मागे बसले होते आणि माझे डोळे सताड उघडे होते.

बाबांचा हात टोपलीवर गेला. टिक. यादी उघडली. टिक. स्क्रीनच्या मधोमध एक चौकट आली. घंटा वर उचलली गेली.

“आता खुर्र होनाल!” गुंडी ओरडली.

सगळ्यांचे डोळे उघडले. चौकट तशीच मधोमध उभी होती आणि बाबांची घंटा हवेत.

“थांबा,” मी म्हटलं आणि माउसवर हात ठेवला. “काका, चष्मा घाला आणि ही चौकट मोठ्यानं वाचा.”

काकांनी चष्मा घातला. “या... एक हजार नऊशे चार वस्तू... कायमच्या काढून टाकायच्या आहेत, याची खात्री आहे का?” ते थांबले. “हे काय?”

“हाच चमत्कार. केराची टोपली रिकामी करतायत ते. तुमच्या दुकानात पण हेच केलं.”

“बालिके,” बाबांचा आवाज खाली उतरला, “तेज सहन होत नाही म्हणून डोळे...”

“कसलं तेज?” काका म्हणाले. “मी चाळीस वर्षं डोळ्यांच्याच धंद्यात आहे हो! आजवर शेकडो माणसांना म्हटलं, डोळे उघडा, वर बघा, खाली बघा. आणि माझ्याच दुकानात मी ते मिटून बसलो!”

मी चौकटीतलं ‘नाही’ दाबलं. आता माझी पाळी होती आणि मी ती पुरेपूर भोगणार होते. “या, सगळे जवळ या. बाबांची भुतं दाखवते,” म्हणून मी टोपली उघडली. आत माझी दोन वर्षं होती. चुकीचे भरलेले अर्ज. एकच फोटो सात वेळा. अर्धवट उतरवलेल्या मालिका. “हे भूत पाहिलंत, बाई? हे माझं वजन कमी करायचं वेळापत्रक. आलं त्याच दिवशी वारलं.” शिकवणीवाल्या बाई खो खो हसल्या. काकाही हसले. मी यादी खाली सरकवत गेले, आणखी खाली, आणि मग एक नाव आलं.

गुंडी, पडलं.

त्याखाली गुंडी, नको. गुंडी, माझं. गुंडी, पाणी. गुंडी, कावळा. ओळीमागून ओळ.

“हात लावू नकोस त्याला!” सासूबाई कडाडल्या.

“आई... या इथे कशा आल्या?”

“आल्या कशा म्हणजे? मी ठेवल्यात.”

“केराच्या टोपलीत?”

“मग कुठे ठेवू?” सासूबाईंचा मुद्दा पक्का होता. “तू सगळीकडून काढतेस. इकडून काढतेस, तिकडून काढतेस. एका टोपलीला तेवढी कधी हात लावत नाहीस. आणि माझी मापं गेली होती तेव्हा तू कुठून परत आणलीस? इथूनच ना? माझ्या समोर आणलीस. एक बटण दाबलंस आणि होती तिथे परत. तेव्हाच मी म्हटलं, या अख्ख्या घरात गेलेली वस्तू परत देणारी हीच एक जागा आहे.”

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच त्यात. मी माउसवरचा हात काढून घेतला. कारण काल दुपारी, बाबांच्या आधी, बाबांशिवाय, त्या ओळीवर बोट माझंच होतं. मला सगळं कळलं होतं आणि त्या भरात आत काय आहे ते बघायचंच राहिलं होतं. गुंडी पाच मिनिटं उशिरा उठली असती, तर शनिवारी तिच्या बापाला मी काय दाखवलं असतं?

बाबांनी घंटा टेबलावर ठेवली. इतका वेळ ते घशातून बोलत होते, आता साधे बोलले. “बाई, टोपलीत ठेवतं का हो कुणी?”

सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. शिंपिणीच्या हातात कात्री नव्हती, एवढंच.

“तुम्हाला एकेक आत्मा दिसत होता ना? तळमळताना दिसत होता? मग त्यात माझी जिवंत नात दिसली नाही?”

बाबांनी टेबलावरची घंटा उचलून झग्याच्या खिशात टाकली.

“किती जणांच्या टोपल्या ओतल्यात अशा?” काकांनी विचारलं. “आत न बघता?”

“दुरुस्तीच्या दुकानात होतो मी,” बाबा म्हणाले. “तिथेही हेच करायचो. दोन मिनिटांचं काम. लोक म्हणायचे, एवढ्याशा कामाला पैसे कसले? आणि तिथे मी विचारायचो तरी, की आत काही लागणारं आहे का. झगा घातला आणि मला कुणी काही विचारलं नाही, मीही कुणाला विचारायचं सोडलं.”

“अरे, मग शिकवायचं होतंस की लोकांना!” सासूबाई तुम्हीवरून तूवर आल्या, म्हणजे बाबा संपले आणि समोर एक उनाड पोरगा उरला. “दोन टिचक्या दाखवायला झगा कशाला लागतो? ऊठ. ही माझ्या गिऱ्हाइकांची खुर्ची आहे.”

तो उठला. जाता जाता गळ्यातली माळ काढून म्हणाला, “क्लिपा घ्यायला हवी असेल तर... यातली एखादी रिकामी आहे.”

“नको,” मी म्हटलं. “दहा घरं फिरलेली पेन ड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लागणार नाही.”

तो गेल्यावर काका धावत कॉम्प्युटरच्या दुकानात गेले आणि येताना दोन नव्या, वेष्टनातल्या पेन ड्राइव्ह घेऊन आले. आधी क्लिपा टोपलीतून बाहेर काढल्या. सासूबाई माझ्या खांद्याशी उभ्या राहून मोजत होत्या. एकशे त्रेचाळीस, एकही कमी नाही. मग दोन्ही पेन ड्राइव्हवर एकेक प्रत केली, आणि पाचसहा क्लिपा लावून पाहिल्या. प्रत झाली असं कॉम्प्युटर म्हणतो, पण आपण उघडून बघितल्याशिवाय झाली असं मानायचं नाही, हे त्या दिवशी माझं मीच ठरवलं. एक पेन ड्राइव्ह सासूबाईंच्या दोऱ्यांच्या डब्यात गेली, दुसरी काकांच्या दुकानात. घराला काही झालं तरी एक बाहेर असावी, हे शिकवणीवाल्या बाईंनी सुचवलं.

मगच साफसफाई. टोपली वरपासून खालपर्यंत वाचली. सर्वांत मोठ्या फाइली आधी, अशी यादी लावली तर कळलं, की माझे शेकडो अर्ज मिळून चिमूटभर होते आणि जागा खाल्ली होती ती अर्धवट मालिकांनी. कॉम्प्युटरचं स्वतःचं साफसफाईचं साधन असतं. त्यात तात्पुरत्या फाइलींपुढे खूण केली. ‘उतरवलेल्या फाइली’, म्हणजे डाउनलोड, असंही एक घर होतं, त्याला आत बघून येईपर्यंत हात लावला नाही. तिथे सासूबाईंचं विजेचं बिल होतं. ज्यांचं नावही कळत नव्हतं अशा फाइलींच्या वाटेला गेलोच नाही. त्यांवर कॉम्प्युटर चालतो. आपल्याला ओळखीच्या नाहीत म्हणून त्या केर होत नाहीत.

शेवटी टोपली. चौकट आली. सगळ्यांनी डोळे उघडे ठेवून ती वाचली. सासूबाईंनी स्वतः ‘होय’ दाबलं.

“खुर्रर्र,” कॉम्प्युटर म्हणाला.

“खुर्रर्र,” गुंडी म्हणाली.

पट्टी निळी झाली. सगळे जरा निराशच झाले.

“एवढंच?” शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या.

“एवढंच,” मी म्हटलं आणि फोनमध्ये अडकलेले अकरा शब्दही कॉम्प्युटरवर घेतले.

शनिवारी माझा नवरा आला. दारात बॅग ठेवून त्यानं हात पसरले. गुंडीनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, माझ्या पायामागे गेली आणि म्हणाली, “नको.”

त्याचा चेहरा उतरला. सासूबाईंचा खुलला. “दुसरा शब्द!” त्या म्हणाल्या. “चल, तुला पहिल्यापासून दाखवते.” मग तो पाय न धुता, पाणी न पिता कॉम्प्युटरसमोर बसला आणि दहा महिने सलग ऐकले. कावळ्याला हसला. बावन्नाव्याला आईकडे बघून हसला, तेव्हा त्याला पाठीत धपाटा मिळाला. ऐंशीच्या आसपास गुंडी त्याच्या गुडघ्याला येऊन टेकली, ‘ही कोण बोलते’ हे बघायला. शंभराला ती त्याच्या मांडीवर होती.

आता आमच्या गल्लीतले लोक साफसफाईसाठी सासूबाईंकडे येतात. त्या कुणाच्याही माउसला हात लावत नाहीत. ज्याचा कॉम्प्युटर त्याला खुर्चीत बसवतात आणि स्वतः मागे उभ्या राहतात. “मी करणार नाही. तू कर, मी बघते. आणि चौकट आली की मोठ्यानं वाच.”

वाचणाऱ्यांना माझंही तेच सांगणं आहे. कॉम्प्युटरमध्ये भूत नसतं. जागा भरते ती आपण भरतो म्हणून, आणि मोकळी होते ती आपण काढतो म्हणून. काढण्याआधी उघडून बघा. जे लागणारं आहे त्याची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा. पुसलेलं कुठे जातं ते समजून घ्या, आणि समजलं असं वाटलं तरी पुन्हा एकदा बघा. न बघता टिचकी मारणाऱ्यांत मीही होते. यंत्र बिचारं प्रामाणिक आहे. कायमचं काढून टाकण्याआधी ते थांबतं आणि विचारतं, खात्री आहे का? आपल्या वतीनं ‘होय’ म्हणायला जो कुणी खुर्चीत बसेल, त्याला उठवा आणि तिथे स्वतः बसा.